कानाचा तास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या द्वितीय वर्ष कला वर्गातली एक विद्यार्थिनी संध्याकाळच्या वेळी वर्सोव्यातल्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलाशी काम करीत असे. घरची भाषा भोजपुरी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि तरीही मराठीत तिला चांगले गुण पडत. अक्षर वळणदार, ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक बरोबर. तिची उत्तरपत्रिका मी वर्गात इतरांना दाखवीत असे. एके दिवशी वर्सोवा गावातली एक कोळीण आपल्या सासूला रिक्षात घालून तिथे घेऊन आली. म्हातारीला तिने बाकावर टेकवले आणि टेबलाशी येऊन सांगितले, "माजी सासू परली."

मुलीने ऐकले 'परतली'. सासू कुठल्या तरी गावाहून परत आली असावी आणि सहज तपासणीसाठी आणली असावी, असा अर्थ तिने लावला आणि कागद क्रमाने खाली ठेवला. सून मध्ये दोनदा येऊन बोलून गेली. मुलीने दोन्ही वेळा मान हलवून "हो, थांबा" म्हटले. म्हातारी पदराखाली हात धरून निमूट बसून होती. तासाभराने कुणीतरी तो हात पाहिला तेव्हा मनगट सुजून टरारले होते. हाड मोडले होते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे आली. डोळे रडून लाल झालेले. एवढेच विचारले, "सर, परली म्हणजे काय?"

मी तिला समजावून सांगितले. कोळी बोलीत शब्दाच्या मधल्या 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो. होडीची होरी होते, गाडीची गारी होते, आणि पडली ती परली. 'ळ'चा 'ल' होतो, म्हणून कोळी स्वतःला कोली म्हणवतात. 'ण'चा 'न' होतो, म्हणून 'कोण'चे 'कोन'. हे सगळे सांगायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. घरी जाताना मात्र मनात एकच विचार घोळत राहिला की, ही पाच मिनिटे मला इतक्या वर्षांत कधी सापडली नव्हती. त्या मुलीला मी कविता शिकवली, पत्रलेखन शिकवले, सारांशलेखन शिकवले. मराठी ऐकायला मी तिला एक दिवसही बसवले नव्हते. म्हातारीच्या त्या तासाभराच्या वेदनेत माझा वाटा आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आपल्याकडे भाषा शिकणे म्हणजे वाचणे आणि लिहिणे. परीक्षा लेखणीची, गुण लेखणीला. कानाची परीक्षा कुणी घेत नाही, म्हणून कानाचा तासही वेळापत्रकात नाही. २०२० साली कायदा होऊन महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ह्या कायद्याचे मी स्वागत केले होते. पण ती मराठी मुलाच्या आत शिरते ती डोळ्यांच्या वाटेने, आणि डोळ्यांना दिसणारी मराठी व कानावर पडणारी मराठी ह्यांत केवढे अंतर आहे, ते आपल्यासारख्या घरात मराठी बोलणाऱ्यांच्या कधी लक्षातच येत नाही.

साधी उदाहरणे घ्या. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, 'माझे काम झाले'. मुंबईत हे वाक्य असे कुणी बोलताना तुम्ही ऐकले आहे का? आपण म्हणतो, "माझं काम झालं." पुस्तकातले 'करतो आहे' बोलण्यात 'करतोय' होते, 'नाही आहे'चे 'नाहीये' होते, आणि 'काय झाले आहे' हे तीन शब्द 'काय झालंय' अशा एका झटक्यात निघून जातात. लिहिताना शब्दाशब्दांत जागा सोडलेली असते. बोलताना तशी जागा कुणी सोडीत नाही. त्यातही आपली लिपी काही गोष्टी मुळात लपवूनच ठेवते. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' ह्यांतला 'च' कागदावर एक, पण तोंडात दोन. पहिला तालूवरचा, दुसरा दातांजवळचा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हेही असेच. परप्रांतीय विद्यार्थ्याला हा भेद शंभर वेळा वाचून कळणार नाही, कारण तो कागदावर नाहीच. दहा वेळा नीट ऐकला तर कळेल.

आता वर्सोव्याचा विचार करा. खाडीच्या मुखाशी कोळीवाडा, पलीकडे मढ, मधून होडीची ये-जा. अलीकडे यारी रोड आणि सात बंगल्याच्या बाजूला चित्रपट-मालिकांत काम शोधायला आलेली देशभरची तरुण मंडळी. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत तर सगळ्या राज्यांतून विद्यार्थी येतात, आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय ज्यांच्या जाळ्यात सापडतो ती माणसे कोळी बोली बोलतात! एवढ्याशा टापूत इतक्या कानांना मराठीची गरज आहे आणि ती त्यांना मिळते कुठे? माझा अनुभव असा की, बऱ्याच जणांना पहिला मराठी शब्द मिळतो तो गाडीत. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्यात घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होतात. वर्गातल्या बिहारच्या, आसामच्या, केरळच्या मुलांना मी विचारले की, न शिकवता आलेले मराठी शब्द सांगा, तेव्हा 'पुढील' आणि 'स्थानक' हे सगळ्यांनी सांगितले. कारण उघड आहे. तोच आवाज, तेच शब्द, रोज, आणि पाठोपाठ स्थानक येऊन अर्थाची खात्री पटवते. उत्तम भाषाशिक्षकाने करावे ते सगळे ती गाडी करते, आणि वर पगारही मागत नाही.

मग दृक्-श्राव्य साधनांनी वर्गात हेच का करू नये? करावे. पण ती आपल्याकडे नवी आहेत, अशी जी समजूत विद्यार्थ्यांत दिसते ती आधी दूर करू या. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ सालचे. शाळांसाठीचे कार्यक्रम आकाशवाणीने कित्येक वर्षे केले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.) पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि शाळकरी मुलांसाठी मराठी कार्यक्रम तयार करू लागली, २०१७ साली ती बंद झाली. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका घराघरांत पोहोचली. म्हणजे यंत्रे आली, गेली, पुन्हा आली. ह्या उद्योगांची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्या सगळ्यांत बोलणारा पलीकडे आणि मूल अलीकडे असे. मुलाने मध्येच काही विचारले किंवा झोप काढली, तरी पलीकडचा बोलतच राहणार.

ह्यावर एक तोड केनयात निघाली होती. १९८० ते १९८५ ह्या काळात तिथल्या प्राथमिक शाळांत रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा एक प्रकल्प चालला. त्यातली युक्ती अगदी साधी होती. रेडिओवरचा शिक्षक प्रश्न विचारी आणि गप्प बसे. तेवढ्या शांततेत वर्गातल्या मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचे, मग रेडिओने बरोबर उत्तर सांगायचे. ध्वनिफितीत मुद्दाम ठेवलेली ही रिकामी जागा मला त्या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची वाटते. आपल्या महाविद्यालयांत भाषा-प्रयोगशाळा म्हणून जी दालने झाली, कानाला लावायची यंत्रे आणि लाकडी खण असलेली, त्यांत मुलांना तयार वाक्यांची पोपटपंची करायला लावत. पोपटाला कंटाळा येत नाही, मुलांना येतो. बहुतेक दालनांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. चावी शिपायाकडे आणि खुर्च्या स्नेहसंमेलनाला.

आता माझ्या स्वतःच्या फजितीबद्दल. दवाखान्यातल्या प्रकारानंतर मी हौसेने कामाला लागलो. आमच्या वर्गात मोठा पडदा आला आहे. (त्याचा उपयोग बहुधा पूर्वी फळ्यावर लिहीत होतो तेच पडद्यावर दाखवण्यासाठी होतो, ते असो.) मी एका मराठी चित्रपटातला चार मिनिटांचा प्रसंग निवडला आणि अमराठी विद्यार्थ्यांना दाखवला. प्रश्न विचारले. सगळ्यांनी सगळी उत्तरे बरोबर दिली. मी खूश. मग मनात शंका आली म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच चित्रपटातला दुसरा प्रसंग घेतला, पण पडदा बंद ठेवून नुसता आवाज ऐकवला. वर्ग चिडीचूप. बाप रागावला आहे की विनोद करतो आहे, हेसुद्धा अनेकांना सांगता येईना. पहिल्या वेळी त्यांनी ऐकलेच नव्हते. नटाचा चेहरा, दार आपटणे, आईचे डोळे पुसणे ह्यांवरून त्यांनी गोष्ट ओळखली होती. हिंदी चित्रपट बघत वाढलेल्या मुलांना बाप घराबाहेर काढतो तो प्रसंग कळायला भाषा लागतच नाही.

पडद्याच्या तळाशी येणाऱ्या अक्षरांचेही तेच. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतल्या ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीते दाखवताना गाण्याच्याच भाषेत खाली शब्द दाखवावेत, अशी कल्पना मांडली, आणि दूरदर्शनवर ती अमलात आली. नवसाक्षरांचा वाचनाचा सराव व्हावा हा तिचा हेतू, आणि तो फार चांगला. गाणे तोंडपाठ असलेला माणूस अक्षरे आपोआप वाचू लागतो. पण तिथे कान डोळ्याला शिकवतो. आपल्याला डोळा बाजूला सारून कान शिकवायचा आहे, आणि खाली अक्षरे दिसू लागली की साक्षर माणसाचा कान तत्काळ रजेवर जातो. विश्वास बसत नसेल तर आज रात्री घरी करून पाहा.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, श्रवण शिकवताना चित्र शेवटी यावे. आधी नुसता आवाज, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा ऐकताना एकच प्रश्न पुढे ठेवून. मग मध्ये थांबून, पुढे काय म्हणेल ते विद्यार्थ्यांना सांगू द्यावे. केनयातली ती रिकामी जागा हीच. तिसऱ्यांदा हातात लेखी संहिता द्यावी, म्हणजे आपण कुठे घसरलो ते प्रत्येकाला दिसते. आणि सर्वांत शेवटी, असेल तर, चित्र. चाळीस-पन्नास सेकंदांचा तुकडा पुरतो. पाच मिनिटांच्या ध्वनिफितीने वर्ग झोपतो हे मी स्वानुभवाने सांगतो. एरवी पंखा घरघरतो, खाली रस्त्यावर रिक्षा ओरडतात, मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही. एक बरा ध्वनिक्षेपक आणि बंद होणाऱ्या खिडक्या, एवढी सामग्री लागते. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातला फोन उरलेले सगळे करतो.

पण ऐकवायचे काय? हा प्रश्न यंत्राहून मोठा आहे. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अमराठी भाषकांसाठी 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला आहे. परकी भाषा शिकवण्याची शिस्त मराठीला लावण्याचा तो उपक्रम आहे, आणि ती शिस्त मराठी विभागाबाहेरून आली ह्याची आम्हा मराठीच्या शिक्षकांना थोडी लाज वाटायला हवी. सुरुवातीला तसे स्वच्छ, सावकाश बोलणे हवेच. पण तेवढ्यावर थांबलो तर विद्यार्थी फक्त निवेदकाशी बोलायला तयार होतो. त्याला भेटणार आहेत कंडक्टर, पोलीस, मावशी, म्हातारी आणि घाईत असलेले लोक.

इथे माझे काही सहकारी नाराज होतात. "आधी प्रमाण मराठी तरी धड येऊ द्या, मग बोलीभाषांचे बघा," असे ते म्हणतात. ह्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बोलायला आणि लिहायला प्रमाण मराठीच शिकवावी. अमराठी मुलीने कोळी बोलीत बोलावे अशी माझी अपेक्षा नाही, आणि तसे केले तर कोळणीच हसतील. पण आपण काय बोलावे हे आपण ठरवतो. आपल्याशी लोकांनी काय बोलावे हे आपल्या हातात नसते. कानाला जास्त पल्ला लागतो तो ह्यामुळे. जखमी माणूस प्रमाण मराठीत विव्हळत नाही.

साधनांची उणीव आहे, ही तक्रारही मला आता मान्य नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कोळी बोलीचे नमुने आहेत, पण ते छापील. त्यांतून आवाज येत नाही. आज डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे आणि गावोगावच्या सामान्य माणसांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकण्यासाठी खुली केली आहेत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे ती कितीजण ऐकतात? माझ्या ओळखीच्या मराठीच्या शिक्षकांना विचारले, तर बहुतेकांना हा संग्रह असल्याचेच माहीत नव्हते. पदवीच्या वर्गात आठवड्याचा एक तास त्याला दिला तर अभ्यासक्रमाचे आकाश कोसळणार नाही. आणि त्या तासाला गुणही हवेत. गुणांशिवाय मुले फिरकत नाहीत हे कटू असले तरी खरे आहे. परीक्षेत दहा गुणांचा एक तुकडा ऐकवा आणि तीन प्रश्न विचारा. एवढ्याने पुढच्या जूनपासून सगळ्या वर्गांचे कान टवकारलेले दिसतील.

आम्ही स्वतः वर्सोव्यातून सुरुवात केली. ती दवाखान्यातली मुलगीच पुढे झाली. त्या सुनेला भेटायला ती आधी एकटीच गेली होती, क्षमा मागायला. नंतर मलाही घेऊन गेली. सून बाजारात मासळी घेऊन बसते. आम्ही तिची परवानगी मागितली, कशासाठी हवे ते सांगितले. लपूनछपून कुणाचे बोलणे टिपायचे नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम आहे. तिने आधी खूप संशयाने पाहिले, मग फोन दोन पाट्यांच्या मध्ये ठेवू दिला, आणि तासाभरात आमच्या पदरात जे पडले ते कुठल्याही स्टुडिओत मिळाले नसते. गिऱ्हाइकाशी घासाघीस, शेजारणीशी थट्टा, कुणाला तरी लांबूनच मारलेली हाक, जवला आणि सोरे. (सोडे हो. नियम तोच.) वर्गात पहिल्यांदा ऐकवले तेव्हा मी एकच प्रश्न दिला: बाईने भाव किती सांगितला आणि शेवटी कितीला दिले? अर्ध्या वर्गाचे उत्तर चुकले. त्यात घरी मराठी बोलणारी दोन दादरकर मुलेही होती, आणि त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

महिन्याभराने आम्ही तिला तिचेच बोलणे ऐकवायला गेलो. तिने फोन कानाशी धरला, हसली, शेजारणीलाही ऐकवला. सासू मागे बसली होती; हात आता बरा होता, बोंबील निवडत होती. सुनेला वाटले, आपण फार भराभर बोललो म्हणून मुलांची उत्तरे चुकली.

"हलू बोलू का, मास्तर?" तिने विचारले.

मी नको म्हणायच्या आत ती हळू बोलू लागली. शब्द सुटे सुटे, जपून, शाळेतल्या वाचनासारखे. 'पडली' म्हणताना तिने 'ड' स्वच्छ उच्चारला. माझी विद्यार्थिनी खाली वाकली आणि म्हणाली, "मावशी, तसं नको. त्या दिवशी बोललात तसं बोला." मागून म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि दोघी सासवासुना मोठ्याने हसल्या. ती काय म्हणाली ते मला कळले नाही. मुलीला कळले होते, कारण तीही हसत होती. मी फोन चालूच ठेवला.